वाटा सगळ्यांना, दादा सोडून

ब्रेकबाईंचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर वेळेवर दाबता यावा म्हणून तो दिलेला असतो, आणि बाकीचे मास्तर तो अडीअडचणीलाच वापरतात. बाईंचा पाय मात्र त्यावर कायम मुक्कामाला. समोर मांजर दिसलं की ब्रेक, मांजर येईलसं वाटलं की ब्रेक, आणि शिकणारा उगाचच खुशीत आलेला दिसला तरी ब्रेक. लोक हादरे खात खात शिकत आणि शिकून झाल्यावर छाती फुगवून सांगत, की बाईंच्या हाताखालून, म्हणजे पायाखालून, गेलेला माणूस जन्मात कुणाला धडकायचा नाही. ते खरंही होतं.

जी गत पायाची तीच तोंडाची. चूक दिसली की ती त्याच क्षणी, त्याच जागी, हजर असतील तेवढ्या सगळ्यांसमोर सांगायची, हा बाईंचा बाणा. भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीच्या पडद्यांचा रंग, डॉक्टरांचं अक्षर, कशातूनही कुणाची सुटका नसे. त्यांचा नवरा छापखान्यात कामाला होता. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभा राहून घरी आला की म्हणायचा, आता जरा आवाज ऐकू. स्वतः तो फारसा बोलत नसे. घरात बोलायला रांग होती आणि त्याचा नंबर क्वचितच लागे.

अशी बाई ध्यानाला लागली हे ऐकून निम्मा रस्ता हसला. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा पाहून भुवया वर केल्या, आणि बाईंकडे गाडी शिकणाऱ्या औषधाच्या दुकानदाराने भीत भीत सुचवलं की दर रविवारी सकाळी रंगाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही काही जण बसतो, बुद्धाने सांगितलेलं ध्यान करतो, येऊन बघा. बाई चुका काढायच्या तयारीने गेल्या. खोलीला खालच्या टर्पेंटाइनचा वास येत होता, चटया एका रेषेत नव्हत्या, आणि सगळं चालवणाऱ्या आजी तर गालिच्याच्या तुकड्यावर बसून छोटी पितळी घंटी वाजवण्यापलीकडे काहीच करत नव्हत्या. आजी निवृत्त नर्स. उभं आयुष्य रात्रपाळ्या केलेल्या, त्यामुळे कुणाच्या आरड्याओरड्याने त्या हलत नसत. बाईंनी चटयांविषयी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हो का, मग कर की सरळ. बाईंनी केल्या, आणि मग बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

पहिले काही महिने नुसता गोंधळ. डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, एवढंच काम. पण एखादा नकोसा विचार समोरून आला की बाईंचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जाई आणि पुढे बसलेल्या औषधवाल्याची चटई पुढे सरके. तासाभरात तो बिचारा भिंतीला टेके. त्याने तक्रार केली नाही, फक्त पुढच्या वेळेपासून तो बाईंच्या मागे बसू लागला. तरीही बाई टिकल्या. मग एकदा त्या लांबच्या केंद्रात मौनाच्या शिबिरालाही जाऊन आल्या. त्या काळात नवऱ्याला घरात झोप लागेना, कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.

ह्या खटाटोपातून फळ काय मिळालं, असं कुणी विचारलं तर बाई सांगत, की चूक दिसणं आणि ती बोलणं ह्यांच्यामध्ये आता एक श्वास मावतो. श्वास संपला की त्या बोलतच, पण आवाज खाली आलेला असे. शिकाऊ लोकांना फरक जाणवला. हादरे पूर्वीसारखेच बसत, पण अपमान जरा मऊ झाला होता.

आता त्या खोलीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. बसणं संपलं की आजी घंटी वाजवत, आणि मग पुण्य वाटायचं. ध्यानातून मन थोडं स्वच्छ झालं, तर ती कमाई एकट्याने गाठीला बांधून ठेवायची नाही. डोळे मिटलेलेच ठेवून एकेकाने मोठ्याने म्हणायचं, आज बसून जे काही चांगलं जमलं असेल त्यात अमक्याचा वाटा असो. बाकीच्यांनी म्हणायचं, साधु, साधु, साधु. म्हणजे छान झालं, आम्हालाही आनंद आहे. बाईंना आधी हे पटेना. दिलं की कमी होणार नाही का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आजी म्हणाल्या, तू कुणाला गाडी शिकवलीस म्हणून तुझी गाडी चालवणं कमी झालं का.  मग बाईंनी दुसरी शंका काढली: समोरच्याला पोचलं हे कळायचं कसं? आजींनी सांगितलं, की घेणाऱ्याने पाटपाणी मांडून बसायला नको. दुसऱ्याच्या हातून चांगलं झालं आणि त्याचा आपल्याला मनापासून आनंद झाला, की मिळाला वाटा. एवढंच असतं ते.

मग काय, बाईंनी वाटायचा सपाटाच लावला. शिकून गेलेल्या प्रत्येकाला वाटा मिळाला. बंपर फोडून गेलेल्यांना मिळाला, लायसन्सच्या परीक्षेत माणसं नापास करणाऱ्या साहेबाला मिळाला, गल्लीतल्या कुत्र्यांना तर आळीपाळीने मिळाला. एकदा त्यांनी पंक्चर काढणाऱ्याच्या सासूला दिला, तिची ओळख नसताना. फक्त एका माणसाचं नाव त्यांच्या तोंडून कधी येत नसे. आजींनी एकदा चहा पिताना सहज विचारलं, वरच्या मजल्याचं काय? बाई म्हणाल्या, मी शेवटी सर्व प्राणिमात्रांना देते ना, तो त्यात आला.

वरच्या मजल्यावर बाईंचा थोरला भाऊ राहत होता. तळमजल्यावर स्कूलची खोली, त्यामागे बाईंचं घर, आणि जिना चढून गेलं की दादा आणि त्याची मुलगी. बहीणभाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत भरपूर होते, पण भाचीच्या मार्फत. तुझ्या आत्याला सांग टाकी वाहतेय. तुझ्या बापाला सांग, वाहतेय ते मला दिसतंय, डोळे शाबूत आहेत माझे. तिला सांग गाडीचा मागचा टायर बसलाय. त्याला सांग, बघितलाय, आणि खोकल्याचं औषध घेतलं का विचार. दोघंही एकाच जिन्यावर उभे राहून हे बोलत आणि भाची मध्ये उभी राहून नुसती मान इकडून तिकडे वळवी. निरोप पोचवायची गरजच नसे.

बोलणं तुटलं ते गाडीत. दादा उमेदीत असताना मालकाची गाडी चालवायचा. बाईंनी स्कूल काढली तेव्हा तोच त्यांचा दुसरा मास्तर झाला. एके सकाळी दादा एका नवख्या माणसाला शिकवत होता, पुढे शेजारच्या सीटवर, ब्रेकपाशी. बाई मागे बसल्या होत्या, म्हणे नुसत्या बघायला. बोळातून एक पाववाला सायकलवर एकदम समोर आला. नवखा माणूस स्टिअरिंगला घट्ट धरून आ वासून बघत राहिला. बाईंनी दोन्ही सीटांच्या मधून अंग झोकून हँडब्रेक खेचला. गाडी तिरकी होऊन पाववाल्याच्या चाकाशी टेकून थांबली, पावाच्या लाद्या बॉनेटवर पसरल्या, माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंचाही पडला, आणि पडल्या पडल्या, त्या शिकाऊ माणसासमोरच, त्या म्हणाल्या, "दादा, तुझा पाय उशिरा पडतो."

 दादा दार उघडून रस्त्याच्या मधोमध उतरला आणि चालत घरी गेला. त्यानंतर तो त्या गाडीत बसला नाही, कुठलीच गाडी त्याने चालवली नाही, आणि बहिणीशी बोलला नाही. बाईंना वाटे, खरं तेच तर बोलले मी. त्यात माझं काय चुकलं? असं म्हणून त्या पुढच्या माणसाचं काय चुकलं ते बघायला लागत.

आणि मग भाचीची बदली झाली, दूरच्या शहरात. जाताना बापाला बरोबर नेणार, हे ओघानेच आलं. महिनाअखेरीस टेम्पो येणार होता. बाईंनी बातमी ऐकली आणि भाचीला आधी सामान कसं बांधायचं ह्यावर व्याख्यान दिलं. मग स्कूलच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता होता, त्याच्याकडे बघत बसल्या. तिथल्या तिथे त्यांच्या लक्षात आलं, की दादा गेला तर मधला निरोप्याही जाणार. टाकी वाहते हे सांगायलाही कुणी उरणार नाही. दादाशी बोलणं झाल्याशिवाय तो गेला, तर ते आपल्याला सहन होणार नाही. बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

त्या रविवारी त्या ठरवूनच रंगाच्या दुकानावर गेल्या. भाचीलाही मुद्दाम बरोबर नेलं. इमारतीतला, दादाच्याही वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, तोही नेहमीसारखा आला होता. तास झाला, घंटी वाजली. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी घसा साफ केला. "आज बसून जे काही चांगलं जमलं असेल, त्यात माझ्या थोरल्या भावाचा वाटा असो," त्या म्हणाल्या. खोलीत सगळ्यांनी श्वास रोखला. आजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. भाचीचे डोळे भरून आले. इथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण अर्धवट सत्य सांगणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. "जरी त्याचा पाय ब्रेकवर उशिरा पडत असला, तरी," त्या म्हणाल्या.

आणि सवयीप्रमाणे, डोळे मिटून, एका सुरात, सगळी खोली म्हणाली, "साधु, साधु, साधु."

म्हणून झाल्यावर ज्याच्या त्याच्या लक्षात यायला लागलं की आपण कशाला हो म्हणालो. औषधवाल्याने एक डोळा उघडला आणि पटकन मिटला. भाचीने कपाळावर हात मारला. बाई मात्र कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात बसून होत्या. पुण्य दिलं, मोठ्याने दिलं, नाव घेऊन दिलं. आणखी काय करायला हवं होतं?

बातमी घरी त्यांच्याही आधी पोचली. वॉशिंग मशीनवाल्याच्या पोटात काही राहत नसे, मशीनमधल्या पाण्यासारखं एका बाजूने आलं की दुसरीकडून बाहेर. त्याने जिन्यातच दादाला गाठून अभिनंदन केलं. म्हणाला, दादा, आज बाईंनी तुम्हाला पुण्य दिलं. पाय उशिरा पडतो तरी दिलं. आम्ही सगळ्यांनी साधु म्हटलं. ह्यात काही वावगं आहे हे त्या भल्या माणसाला कळलंच नव्हतं. दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीला माहीत झालं, की दादाचा पाय उशिरा पडतो ह्यावर ध्यान करणाऱ्यांनी एकमताने शिक्कामोर्तब केलंय.

संध्याकाळी भाची खाली आली. तिने निरोप सांगितला तो बापाच्याच शब्दांत, मान खाली घालून: "तिला सांग, तिचं पुण्य तिलाच लखलाभ. साधु म्हणणाऱ्यांनाही." त्यानंतर वरून निरोप यायचेच बंद झाले. टाकी वाहत राहिली, कुणी काही कळवलं नाही. बाई जिन्यात मुद्दाम खोकून बघत, वर दार लागल्याचा आवाज येई. गेलं ते गेलं, आणि होतं तेही गेलं.

बाईंनी आठवडा कसाबसा काढला. त्यांच्या गाडीत बसलेल्यांनी त्या आठवड्यात एकही हादरा खाल्ला नाही. एकाने तर फुटपाथवर गाडी चढवली, तरी बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. तो इतका घाबरला की त्याने स्वतःच ब्रेक दाबला, आणि त्याला त्या दिवशी पहिल्यांदा गाडी थांबवता आली. शेवटी बाई आजींच्या घरी गेल्या आणि घडलं ते सगळं, काही न राखता, सांगितलं. खोलीतलं आजींनी स्वतः ऐकलेलंच होतं, तरी पुन्हा ऐकताना त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा घातला आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, तू वाटा दिलास की दंडाची पावती फाडलीस?" आजी म्हणाल्या. "आणि एक सांग. देतेस, देतेस, सगळ्या गावाला देतेस. तुला गाडी कुणी शिकवली?"

दादाने, बाई म्हणाल्या. आणि मग त्या थांबल्या, कारण हे वाक्य आपण ह्याआधी कुणापुढे उच्चारल्याचं त्यांना आठवेना. आजींनी पुढे विचारलं नाही, पण बाईंचं तोंड एकदा उघडलं की आपोआप चालू राहतं. त्या काळी त्यांच्या घरात मुलीने सायकल चालवली तरी चर्चा होई. दादा सुट्टीच्या सकाळी मालकाची गाडी धुवायला म्हणून नेई आणि रिकाम्या गोदामाच्या पटांगणात बहिणीला शिकवी. पाय पुरत नसत म्हणून पाठीमागे घरातली उशी. ती उशी घरातून न दिसता बाहेर काढायचं कामही त्याचंच. एकदा बाईंनी गाडी गोदामाच्या खांबावर घातली आणि दिवा, पत्रा, सगळं आत गेलं. दादा मालकापुढे जाऊन म्हणाला, माझ्या हातून झालं. मालकाने त्याला कामावरून काढून टाकलं. घरी वडिलांनी महिनाभर तोंड सोडलं होतं, तेव्हाही तो हेच म्हणत राहिला, की माझ्या हातून झालं. बाई तिथेच बाजूला बसून जेवत होत्या.

"तू आभार मानलेस कधी?" आजींनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. तेव्हा घाबरले होते, त्या म्हणाल्या, नंतर राहून गेलं, आणि मग तो माझ्याकडे कामाला लागला, तेव्हा मीच मालकीण. आजींनी त्यांना चहा दिला आणि एवढंच सांगितलं, की आपल्याला आधी कुणी काय दिलं ते ज्याला आठवतं त्याच्याच हातून दिलेलं पोचतं. नाहीतर ते वरून टाकल्यासारखं होतं, आणि वरून टाकलेलं कुत्रंसुद्धा आधी हुंगून बघतं.

टेम्पो यायच्या आदल्या सकाळी बाई जिना चढल्या. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट मनाला बजावत होत्या: "जरी" म्हणायचं नाही. काहीही झालं तरी "जरी" नाही. भाची ऑफिसातलं शेवटचं काम उरकायला गेली होती, त्यामुळे वर दादा एकटाच होता. जमिनीवर खोकी मांडून तो कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत बसला होता. बाई दारात उभ्या राहिल्या आणि घोडं तिथेच अडलं. मधे निरोप्या नाही, आता बोलायचं कसं? दादालाही तोच पेच पडला असावा. तो उघड्या कपाटाकडे बघून म्हणाला, तिची भाची घरी नाही म्हणावं.

बाईंनी एक श्वास घेतला. तो सोडला. मग आणखी एक घेतला.

"दादा, मला गाडी तू शिकवलीस," त्या म्हणाल्या. "खांबावर मी घातली आणि नोकरी तुझी गेली. मी एका शब्दाने कधी काही म्हटलं नाही. आज माझं घर चालतं, लोक मला ओळखतात, ते सगळं तिथून आलंय. मी तुला काय वाटा देणार? सगळं मूळचं तुझंच आहे. एवढंच सांगायचं होतं."

पुढे "जरी" आलं नाही. बाईंनाच त्याचं नवल वाटलं. वाक्य संपलं आणि तोंड मिटून राहिलं.

दादाने हातातला कप कागदात गुंडाळला. मग त्यावर दुसरा कागद गुंडाळला. मग तिसरा. कपाचा आता नारळ झाला होता. तो त्याने खोक्यात ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठला, आणि इतक्या वर्षांनंतर बहिणीच्या तोंडाकडे बघून पहिलं वाक्य बोलला. "सुतळी संपलीय," दादा म्हणाला. "गाडी आहे का खाली?"

गाडी खाली होती. बाईंनी न बोलता चालवायच्या बाजूचं दार उघडून धरलं. त्यांचा अर्थ असा, की बस, चालव, मी आज शेजारी बसते आणि ब्रेकला पाय लावणार नाही. हे त्यांनी जिन्यातच ठरवून टाकलं होतं आणि त्यासाठी किती मन आवरावं लागलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. पण दादाने मान हलवली. तो वळसा घालून पलीकडे गेला आणि मास्तरच्या सीटवर बसला. बसल्यावर दोन्ही पाय मागे ओढून घेतले, ब्रेकपासून जितके दूर जातील तितके. बाईंनी ते पाहिलं. आणि गाडी सुरू केली.

सकाळची वर्दळ होती. शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या, ऑफिसला निघालेले लोक. बाई आपल्याच गाडीत शिकाऊसारख्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जात होत्या. दादा समोर बघत होता. बाजारच्या चौकात सिग्नल लाल झाला, त्यांची गाडी सगळ्यांत पुढे थांबली, आणि तेव्हा दादा बोलायला लागला. काचेतून पुढे बघतच.

"त्या दिवशी पाय उशिरा पडला नव्हता," तो म्हणाला. "पडलाच नव्हता. मी त्याला म्हणत होतो दाब, आणि तो जागचा हलेना. मांडीखाली जसा कुणा दुसऱ्याचाच पाय. पाठीतली शीर दबली होती, ते मागून डॉक्टरकडे कळलं. आता बरा आहे. पण तेव्हा मी इतका घाबरलो होतो की उतरून चालायला लागलो. तू बोललीस म्हणून नाही उतरलो."

बाईंनी मान वळवली. दादाने वळवली नाही.

"मग सगळे म्हणायला लागले, बहिणीवर रागावला. मी म्हटलं, म्हणू देत. रागावलेला भाऊ होणं सोपं होतं. पाय गेलेला ड्रायव्हर होणं जमलं नसतं." त्याने पुढच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तो पाववाला रोज सकाळी खालून जातो. त्याची घंटी ऐकली की मी गॅलरीत येऊन बघतो. मग जरा बरं वाटतं. त्याला घरी बायको आहे, मुली आहेत, आता एक नातही झालीय, त्यानेच सांगितलं. तू हँडब्रेक ओढलास म्हणून आहे ते सगळं. मला त्याचा आनंद आहे, गं. रोज होतो. तुला तेवढं सांगितलं नाही कधी."

बाईंना आजींचं बोलणं आठवलं, दुसऱ्याच्या हातून चांगलं झालं आणि आपल्याला मनापासून आनंद झाला की मिळाला वाटा. म्हणजे त्या रविवारामागून रविवार गल्लीतल्या कुत्र्यांना वाटत बसल्या होत्या, आणि दादा रोज सकाळी गॅलरीत उभा राहून आपला वाटा घेत होता. कुणी न देता, कुणी साधु न म्हणता. ह्यावर काहीतरी बोलायला हवं होतं.  बाईंच्या दोन्ही गालांवरून पाणीच वाहायला लागलं.

"आणि त्या तुझ्या खोलीतल्या लोकांना सांग," दादा म्हणाला, "उगाच साधु म्हटलं नाही त्यांनी. खरंच होतं ते."

बाईंना हसू फुटलं. रडणं थांबायच्या आत फुटलं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. त्यांनी डोळे पुसत घाईने क्लच सोडला आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडली, भर चौकात, सगळ्यांच्या पुढे. अशा गचक्याबद्दल त्यांनी आजवर शेकडो माणसांना फैलावर घेतलं होतं. मागून हॉर्न सुरू झाले. एकाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, बाई, गाडी कुठे शिकलात. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी पुन्हा बंद पडली.

दादाचे पाय अजून मागेच होते. त्याने मागे वळून हॉर्न वाजवणाऱ्यांकडे एकदा पाहिलं, मग बहिणीच्या हातावर, गिअरच्या दांड्यावर, आपला हात ठेवला.

"वाजवू देत त्यांना," तो म्हणाला. "तू सावकाश पहिला टाक. मी आहे."